घाई नसलेली बाई

पाच हात वर गेले. मार्लिस ओयालाने आपले दोन्ही हात टेबलाखाली, मांडीवरच ठेवले.

"म्हणजे पाच जण म्हणतात दोषी, एक नाही," ज्युरीची प्रमुख झालेली निवृत्त मुख्याध्यापिका कागदावर खूण करत म्हणाली. "सहाही जणांचं एकमत लागेल. मार्लिस, काही बोलायचंय?"

बोलायचं होतं, पण सुरुवात सापडेना. बावीस वर्षं ती अमेरिकेच्या उत्तर टोकाच्या डुलूथ शहरातल्या एका लॉन्ड्रीत हॉटेलांच्या चादरी इस्त्रीच्या रुळांत घालत होती. त्या घरघराटात कुणी कुणाचं मत विचारत नाही. विचारलंच, तर 'चालेल' हे एकच उत्तर तिच्या तोंडात बसून गेलं होतं.

"अहो बाई," समोरून व्हर्न टॉलेफसन म्हणाला. तो घरं रंगवायचा. नखांच्या कडेला अजून पांढरा रंग होता. "चार दिवस झाले. शेडमधली करवत गेली, ड्रिल गेलं, शेजाऱ्याने या रसेलला तिथून जाताना बघितलं. आता आणखी काय हवंय, सही-शिक्क्याचं पत्र?"

दोघं-तिघं हसले.

"शेजारी काय म्हणाला ते मला परत एकदा बघायचंय. माझ्या वहीत आहे."

"बघा. सावकाश बघा. तुमचं काय, तुमची कंपनी ज्युरीच्या दिवसांचा पगार देते. मी इथं बसलो की तिकडं भिंती कोऱ्या राहतात. सोमवारी त्या घरात माणसं राहायला येतायत. काम झालं नाही तर पुढचं घर दुसऱ्याला, असं कंत्राटदाराने तोंडावर सांगितलंय."

तो खोटं बोलत नव्हता. कोर्टाचं पत्र आलं तेव्हा पाळीप्रमुख गॉर्डी तिला म्हणाला होता, "जा, मजा कर. पगार पूर्ण मिळेल. फक्त दुपारी लवकर सोडलं तर उरलेली पाळी भरायला यायचं, एवढाच नियम." तिनेही ती सुट्टीच धरली होती. पहिल्या दिवशी तर तिने नवे मोजे घातले होते.

आता तिने टेबलाभोवती नजर फिरवली. एकाची हॉटेलातली पाळी बुडत होती, एकीने मूल शेजारणीकडे ठेवलं होतं. सगळ्यांचे डोळे आळीपाळीने भिंतीवरच्या घड्याळाकडे जात होते. तिचेच तेवढे जात नव्हते. आणि खाली कुठल्याशा बाकावर तो आरोपी रसेल, गुडघ्यांवर तळवे ठेवून, जसा चार दिवस बसला होता तसाच बसला असणार.

"खरंय तुमचं," ती म्हणाली. "मला घाई नाही. म्हणून मीच विचारायला हवं."

तिने वही उघडली. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. सव्वापाच. हिरवं जॅकेट, स्पष्ट दिसलं. गल्लीतला दिवा लांबच्या टोकाला. अंधार नव्हता का, असं रसेलच्या वकिलाने विचारलं होतं. दिसण्यापुरता उजेड होता, असं शेजारी म्हणाला होता. तेव्हा कोर्टात जेवणाची वेळ झाली होती आणि कुणाचं धड लक्ष नव्हतं.

"व्हर्न, नोव्हेंबरात तुम्ही काम किती वाजता थांबवता? नव्या घरात, जिथं अजून दिवे बसवलेले नसतात?"

"साडेचार. फार तर पावणेपाच."

"का?"

"का म्हणजे? दिसत नाही. हिरवा कुठला नि तपकिरी कुठला..."

तो थांबला. मग हात लांब करून त्याने तिची वही स्वतःकडे ओढली आणि त्या चार ओळी दोनदा वाचल्या.

"सव्वापाच," तो हळूच म्हणाला. "मला हातभरावरची भिंत कळत नाही. आणि हा म्हणतो, गल्लीपलीकडचं जॅकेट."

त्यानंतरही दीड तास गेला. सगळ्यात उशिरा पटलं ते मुख्याध्यापिकेला, आणि तिला पटवलं व्हर्ननेच. 'निर्दोष' असा निकाल वाचला गेला तेव्हा रसेलच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. तो फक्त, कुणी सांगायच्या आधीच, खाली बसला.

बारा वाजून दहा मिनिटांनी त्यांना सोडलं. व्हर्न जिन्याजवळ जॅकेटची चेन ओढत उभा होता.

"साडेचारपर्यंत चार तास आहेत," तो कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाला. "चौकटींच्या कडांना रंग लागू नये म्हणून चिकटपट्ट्या लावण्यातच दोन जातील."

मार्लिस खिडकीशी गेली आणि तिने लॉन्ड्रीत फोन लावला.

"सुटलीस? छान," गॉर्डी म्हणाला. "एकपर्यंत ये. इस्त्रीवर माणूस कमी आहे."

"आज नाही येत."

"अगं, नियम माहितेय ना तुला? आली नाहीस तर अर्ध्या दिवसाचा पगार नाही मिळायचा."

"माहितेय. माझ्या रजेतला अर्धा दिवस लाव."

पलीकडे यंत्रं घरघरत होती. गॉर्डीने आवाज चढवला.

"बरी आहेस ना तू?"

"एकदम मजेत," मार्लिस म्हणाली.

व्हर्न रंगवत होता ते घर टेकडीवर होतं. आत नव्या लाकडाचा वास भरून राहिला होता आणि उघड्या खिडक्यांमधून गोठलेल्या सरोवराचा पांढरा उजेड आत येत होता. व्हर्नने पट्टीची गुंडाळी तिच्या हातात दिली आणि पहिली चौकट पुरी होईपर्यंत तो शेजारी उभा राहिला. मग शिडीवर चढला.

"हात सरळ आहे तुझा," तो वरून म्हणाला.

"बावीस वर्षं कडाच तर सरळ धरतेय."

दोन खोल्या झाल्या. तिसरीत त्याने आपल्या डब्यातलं अर्धं सँडविच तिला दिलं. ते तिने उभ्याउभ्याच खाल्लं. किती तरी वर्षांनी असं झालं होतं की ती काम करत होती आणि तिच्या कानांत काहीच घरघरत नव्हतं. ब्रशचा फटकारा ऐकू येत होता, शिडीची कुरकुर ऐकू येत होती. लोण्याच्या रंगाची भिंत जिन्यापर्यंत पोचली तेव्हा बाहेर सरोवर निळसर व्हायला लागलं होतं.

व्हर्न खाली उतरला, दोन पावलं मागे सरला आणि भिंतीकडे बघत ब्रश पुसू लागला.

"झालं की. एक मात्र म्हणायला हवं, तुझी कंपनी भली आहे. आज त्यांच्या पगारावर मला कामाला माणूस मिळालं. सोमवारी जाशील तेव्हा माझे आभार सांग त्यांना."

मार्लिस खिडकीच्या चौकटीवरची पट्टी सोलत होती. अगदी सावकाश, ओल्या रंगाला ओरखडा न उठवता.

"सांगते," ती म्हणाली.