पहिले पाचशे किलोमीटर

लिफ्ट तपासून दाखले देणारे तपासनीस नोकरीत जितके कडक होते तितकेच घरातही होते. फरक एवढाच की लिफ्टला त्यांच्यासमोर वर्षातून एकदा उभं राहावं लागे आणि बायकोला रोज. डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर क्लच दाबणं जमेना, तेव्हा त्यांनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. वापरलेली होती, पण चार वेळा जाऊन, खाली वाकून, टॉर्च मारून पाहिलेली. एवढं करूनही फसगत व्हायची ती झालीच. लिव्हर ‘डी’वर आणला की गाडी दोन क्षण नुसती घुटमळे आणि मग मागून कुणी ढकलल्यासारखी हिसका देऊन निघे. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना तर असा धक्का बसे की शेजारी बसलेल्या बायकोचा हात आपोआप दाराकडे जाई.

“तुझ्यासारखं घाबरट माणूस शेजारी बसल्यावर गाडी काय धड चालणार!” ते म्हणत, आणि ती मूग गिळून बसे. दुसऱ्याच्या कामातली खोट चटकन दिसणाऱ्या माणसाला आपल्या निवडीतली खोट सोसत नाही, हे तिला तीस वर्षांत पुरतं कळून चुकलं होतं.

शेवटी गाडी गिअरबॉक्सचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेली. त्याने आतलं तेल काढलं तर ते डांबरासारखं काळं आणि करपल्या वासाचं निघालं. नवं तेल, नवा फिल्टर झाला. मग दोघं गाडीत येऊन बसल्यावर त्याने दाराशी स्टुलावर बसून स्टिअरिंगच्या खाली वायर जोडली आणि मांडीवर लॅपटॉप उघडला.

“आता हिची आठवण पुसायची, साहेब. ही चालवणाऱ्याचा पाय शिकते. आधीचा मालक पायाचा भलताच जड असणार. तो विकून मोकळा झाला, पण त्याचा पाय आत तसाच आहे.” मग तो तिच्याकडे वळला. “वहिनी, तुम्ही जरा उतरता का? पुसताना चालवणाऱ्याशिवाय गाडीत कुणी नसलेलं बरं.”

तिने एक पाय बाहेर टाकलाही होता.

“बस गं,” तपासनीस म्हणाले. “दोन मिनिटांचं काम. उगाच चढउतार कशाला?”

तिला काय हवं हे त्यांनी विचारलं नाही. तसं विचारायची त्या घरात रीतच नव्हती. तिने पाय आत घेतला, दार लावलं. मिस्त्री क्षणभर थांबला, मग खांदे उडवून त्याने बटण दाबलं. समोरचे सगळे दिवे एकदम लागले, विझले आणि पुन्हा लागले.

“झालं. आता पहिले पाचशे किलोमीटर ती नव्याने शिकेल. जसा पाय द्याल तशी होईल. मग तक्रार घेऊन माझ्याकडे यायचं नाही.”

गाडी लोण्यासारखी चालू लागली. स्वारी इतकी खूश झाली की शेजारी काय बदललंय हे घर येईपर्यंत ध्यानातच आलं नाही. एरवी दर वळणाला पुटपुटायची तसं तिने एकदाही “जरा हळू” म्हटलं नव्हतं. काचेतून बाहेर बघत ती काहीतरी गुणगुणत होती.

घरी आल्यावर तिने स्वयंपाकघरातून विचारलं, “चहात साखर किती घालू?”

थट्टा समजून ते हसले. ती चमचा धरून उत्तराची वाट बघत उभी होती.

दुसऱ्या दिवशी तिने त्यांचा टॉवेल कुठे वाळत घालायचा ते विचारलं. तिसऱ्या दिवशी ते बातम्या ऐकत असताना ती खुशाल फोनवर मोठ्याने हसत बसली, आणि त्यांनी घसा खाकरला तर म्हणाली, “पाणी देऊ का?” या घरात त्या खाकरण्याचा अर्थ शेजाऱ्यांनासुद्धा ठाऊक होता. बाकी सगळं ठीकठाक होतं. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती कापड बेतायची, तिथे इंचाचीही चूक नव्हती. लेकीचा जन्म, लग्नाची तारीख, सासूचं शेवटचं आजारपण, सगळं तिला तोंडपाठ होतं.

“मग हे काय चालवलंयस?” त्यांनी एकदा विचारलं.

ती मनापासून विचार करून म्हणाली, “आठवतं हो सगळं. फक्त तुमच्यासोबत कसं राहायचं तेवढं काही केल्या जमत नाहीये.”

तपासनिसांनी तडक गाडी काढली. ते मिस्त्रीकडे गेले खरे, पण ताकाला जाऊन भांडं लपवावं तसे आधी तेलाबद्दल बोलले, मग टायरबद्दल, आणि निघता निघता म्हणाले, “पुसलेलं परत घालता येतं का हो?”

“पुसलं ते पुसलं,” मिस्त्री हात पुसत म्हणाला. “किती झाले किलोमीटर?”

“एकशे वीस.”

“मग घाबरता कशाला? बक्कळ वेळ आहे.”

त्या दिवसापासून त्यांनी जिभेला आणि पायाला लगाम घातला. रोज संध्याकाळी तिला शेजारी बसवून ते गावाबाहेरच्या रस्त्यावर गाडी नेत, अंड्यांचा ट्रे मांडीवर घेतल्यासारखी चालवत. ती बोले. कारखान्यातल्या मुकादमाची नक्कल करून तिने त्यांना हसवलं. एवढी मजेशीर बाई आपल्या घरात तीस वर्षं होती, आणि आपण तिला समजूतदार म्हणून मिरवत होतो, हे कळल्यावर त्यांना लाज वाटली. अगदी खरोखरची लाज वाटली. पण त्याचबरोबर एक अस्वस्थपणाही होता. ती त्यांचं म्हणणं खोडून काढी. ते खोलीत आले तरी ती पुस्तकातून मान वर करत नसे. आपल्याच घरात आपण पाहुणे आहोत, आणि फारसे महत्त्वाचे पाहुणे नाही, असं त्यांना वाटू लागलं.

चारशे एक्क्याण्णवाव्या किलोमीटरला, चढावर सिग्नलपाशी गाडी उभी असताना ती म्हणाली, “मी लेकीकडे जाऊन राहते काही महिने. तिकीट काढलंय.”

“काढलंय?”

“हो. तुमचं काय, तुम्ही राहाल की.”

तिच्या आवाजात राग नव्हता, रुसवा नव्हता. राग असता तर त्यांना समजून घेता आलं असतं. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात. तिचा सुंभ पुसला गेला होता, यांचा पीळ मात्र जिथल्या तिथे होता. डॅशबोर्डवर त्यांची मूठ दाणकन आदळली.

“मला न विचारता? अक्कल गहाण टाकलीस का? कोण समजतेस कोण तू स्वतःला?”

त्या आवाजाने पलीकडचा स्कूटरवालाही वळून बघू लागला. सिग्नल हिरवा झाला. त्यांचा जड पाय खाली गेला आणि गाडी उसळून निघाली.

ते दहाएक किलोमीटर तसेच दामटत गेले. मग त्यांनी गाडी कडेला घेतली. पुसल्यापासूनचा आकडा पाचशे एक झाला होता. तीस वर्षांत कधी न काढलेले शब्द त्यांनी एकेक करून तोंडाबाहेर काढायला सुरुवात केली.

“हे बघ, माझी चूक—”

“नाही हो, माझंच चुकलं,” ती घाईघाईने म्हणाली. “तिकीट रद्द करते. तुम्ही नका त्रास करून घेऊ.”

तिने गुडघे जवळ घेतले आणि अंग चोरून दाराकडे सरकली. तपासनिसांनी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. गिअर एकामागून एक बिनबोभाट पडत गेले. “जरा हळू,” ती पुटपुटली. आणि कितीतरी दिवसांनी त्यांना एकदम हायसं वाटलं.