पाप तोलणारा पाषाण

"तरंगला! तरंगला!"

काकासाहेबांच्या अंगणात सारं गाव लोटलं होतं. मधोमध जेवणावळीचं पातेलं पाण्यानं काठोकाठ भरून ठेवलेलं आणि त्यात नारळाएवढा काळा, भोकाभोकांचा दगड बदकासारखा डुलत होता. बायांनी हात जोडले. पुरुषांनी मोबाईल वर धरले.

"निष्पाप त्याचा पाषाण तरे, पापी त्याचा पाषाण मरे!" पाषाणनाथ महाराज गरजले. दगड मरतो म्हणजे नेमकं काय होतं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. महाराजांनी दगड अलगद उचलून झोळीत टाकला. त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा त्यांचा दंडक होता.

"यजमान शुद्ध हायेत. आता सून आणा."

काकासाहेबांची सून दैवशाला पुढं आली. तिची लेक शालू हिला फिट यायच्या. जालन्याच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी त्या थांबल्या होत्या. मग हे महाराज उगवले. "औषध म्हणजे विष," म्हणाले, आणि काकासाहेबांनी गोळ्या उकिरड्यावर फेकल्या. आठवडाभरात पोर पुन्हा जमिनीवर पडून झटके देऊ लागली. यावर महाराजांना लाज वाटायला हवी होती. त्यांना दृष्टांत झाला. घरात पापी बाई आहे! आज पाषाण बुडाला तर दैवशालानं लेकीला इथंच ठेवून माहेरी जायचं, असं ठरलेलं.

महाराजांनी झोळीतून दगड काढला, तिच्या कपाळाला टेकवला आणि पाण्यात सोडला.

डुबुक! पातेल्याचा तळ वाजला.

"बघा, बघा! पापाचं वजन बघा!"

सासूनं, द्वारकाबाईनं, शालूला मागं ओढलं. नवरा हरिओम मान खाली घालून उभा राहिला. पोर "आई" म्हणून किंचाळली. दैवशालानं कपाळावरचा घाम पुसला, तळहात पाहिला. कोरा. मग तिची नजर सासऱ्यांकडं, काकासाहेबांकडं गेली. त्यांच्या कपाळावर मघाशी दगड टेकवला होता तिथं काजळीचा डाग होता. लोक त्याला अंगारा समजून मघापासून नमस्कार करत होते.

"महाराज, आबांच्या कपाळाला काळं लागलं. माझ्या का न्हाई लागलं?"

"पाप्याला प्रसाद मिळत नसतो, बाई!"

"मंग आबांचाच दगड मला द्या. तो बुडाला तर मी आत्ता निघते."

"पाषाण एकच हाय!" महाराजांनी झोळी पोटाशी धरली.

"एकच ना?" गर्दीतून नणंद उमा पुढं आली. ती जालन्याच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची आणि भावजयीचा फोन आल्यावर मिळेल त्या बसनं आली होती. "तो तर पातेल्याच्या तळाशी आहे. मग झोळीत काय फुगलंय?"

महाराज मागं सरले. दैवशालानं झोळीला हिसका दिला. दुसरा दगड बाहेर पडला आणि फरशीवर टणकन न वाजता हलकाच घरंगळला. तिनं तो उचलला. फुलासारखा! पाण्यात सोडला. डुलू लागला.

"बाईचा हात लागला! पाषाण बाटला!" महाराज ओरडले.

"बाटला, तरी तरंगून राह्यलाय की!" सर्जेराव नावाचा म्हातारा म्हणाला, आणि अंगणात पहिल्यांदा हसू फुटलं.

उमानं विळीनं तरंगता दगड खरवडला. काजळीखाली तो राखाडी पांढरा निघाला.

"दोन्ही दगड ज्वालामुखीच्या रसातूनच जन्मलेत," ती म्हणाली. "बुडाला तो आपला काळा पाषाण, बेसाल्ट. आपल्या विहिरी खोदताना लागतो तोच. रस पसरत जाऊन निवाला, म्हणून अंग भरीव. भोकं असली तरी पाण्यापेक्षा जडच. दुसरा प्युमिस. स्फोटात रस वर उडाला, आतला वायू फसफसला आणि फेस होता तसाच थिजला. आत नुसती हवा, म्हणून तरंगतो. पार्लरमध्ये टाचा घासायला मिळतो तो."

टाचा घासायचा दगड गावानं कपाळाला लावून घेतला होता. महाराज तोंड लपवत निघाले. पण हरिओमनं पहिल्यांदाच मान वर केली आणि त्यांची वाट अडवली. उमानं बोलावलेले पोलीस येईपर्यंत हलू दिलं नाही.

काकासाहेब सुनेसमोर आले. "पोरी, मी..."

"आबा, माफी नंतर मागा. गाडी काढा. शालूला दवाखान्यात न्यायचंय."

त्या दुपारी शालूच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. गावात अजूनही एकदोघं म्हणतात, महाराजांची शक्ती बाईच्या स्पर्शानं गेली. अशा डोक्यांपुढं बेसाल्टही मऊ म्हणायचा. बाकीच्यांनी एवढं समजून घ्यावं: दगड पाण्यात काय करतो हे त्याच्या पोटात काय आहे यावर ठरतं, माणसाच्या पापपुण्यावर नाही. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी तो हातात घेऊन पाहा. जो पाहू देत नाही, त्याच्या हाती आपलं लेकरू देऊ नका.