उन्हाळी म्हणजे ऊन न्हाई

आमचे मुख्याध्यापक सुहास सर शहरातले. माणूस वाईट न्हाई, पण त्यांना आमची भाषा कळत न्हाई, आन् कळत न्हाई हेबी कळत न्हाई.

सातवीतली माझी मैत्रीण मोनिका शाळेत येईना, तवा त्यांनी मला विचारलं. मी म्हणलं, "सर, तिला उन्हाळी लागलीय."

"ऊन लागणारच. पाणीच पीत नाही तुम्ही."

मी सांगाया तोंड उघडलं तर म्हणले, उलट बोलू नकोस. दुसऱ्या दिवशी शाळेत पाण्याची घंटा सुरू. घंटा झाली की सगळ्यांनी बाटली उचलून प्यायचं. मला हसावं का रडावं कळंना.

उन्हाळी म्हणजे लघवीला आग होती ती. मोनिकाला ती दिवसभर लघवी दाबून धरून लागली. पोरींच्या संडासाला उद्घाटनाचा फोटो निघाल्यापासनं कुलूप. का, तर पोरी घाण करत्यात. पोरं जात्यात भिंतीमागं, आमी कुठं जायचं? म्हणून आमी पाणीच पीत न्हाई. घंटा झाली की घोट तोंडात धरायचा, सर वळले की लिंबाच्या बुडात थुंकायचा. लिंब तेवढा लई माजला.

मोनिका परत आली ती तोंड सुकवून. डॉक्टर म्हणले हुते, पाणी भरपूर पी, न्हाईतर परत सलाईन. ती म्हणली, "रेश्मे, मी शाळाच सोडते." माझं डोकंच फिरलं.

त्याच हप्त्यात तालुक्यावरनं शिक्षण खात्याच्या दमयंती मॅडम पाण्याची घंटा बघाया आल्या. आमाला पटांगणात बसवलं. घंटा वाजली. मी बाटली मांडीवरच ठिवली.

"रेश्मा, पी," सर म्हणले.

"न्हाई पीत."

"का गं?" मॅडमनी विचारलं.

"आधी कुलूप काढा."

सर हसले. "मॅडम, ही जरा आगाऊ आहे."

"व्हय, हाय आगाऊ. सर, उन्हाळी म्हणजे ऊन न्हाई. मुतताना आग होती, रडू येतं. मोनिकाला ती तुमच्या कुलपानं लागलीय."

पोरं खिदळली. मी वळून बघितलं तशी गप झाली. मग मागं एकीनं बाटली खाली ठिवली, दुसरीनं ठिवली, सगळ्याच पोरींनी ठिवली. मॅडम म्हणल्या, "किल्ली आणा."

किल्ली आली, पण गंजलेल्या कुलपात फिरंना. सर म्हणले, "उद्या माणूस बोलावतो."

उद्या कशाला? मी घंटेचा लोखंडी दांडा उचलला आन् कुलपावर घातला. सर अगं अगं करत राहिले. मॅडम बाजूला सरकल्या. कुलूप पडलं.

आत पाणी न्हवतं. पोरींनी बाटल्या बादलीत ओतल्या. मोनिका बादली घेऊन आत गेली. आमी दाराकडं पाठ आन् सरांकडं तोंड करून उभ्या राहिलो. सरांनाच मान खाली घालावी लागली.

ती बाहेर आली. माझी बाटली अजून भरलेली हुती, ती मी तिला दिली. ह्या खेपेला घंटा झाली न्हवती, दांडा माझ्याच हातात हुता. तिनं सगळ्यांदेखत बाटली तोंडाला लावली आन् गिळलं.