पाटावरच्या विहिणी

खापरवाडीच्या तळ्याची चावी दुर्गाबाईच्या देवघरात असायची. हातभर लांब, लोखंडी, देवांच्या मागं भिंतीला टेकवून ठेवलेली. निजामाच्या काळात तळं बांधलं तेव्हा पाटाच्या तोंडाशी पहिली जमीन तिच्या आजेसासऱ्याची होती, म्हणून मोरी, म्हणजे तळ्याचं पाणी पाटात सोडायचं दार, उघडायचा मान त्या घराला, आणि पहिलं पाणीही त्याच घराला. पाटातून शेतात पाणी घ्यायचं दुसरं दार तिच्या दिराचं, रामरावचं. असं वरून खाली पाणी देत देत दोन कोसांवर पाट संपायचा, तिथं बोरवाडी. बोरवाडीला खापरवाडीचे लोक 'शेपूट' म्हणायचे. शेपटाला पाणी पोचलं तर पोचलं, न्हाई तर त्यांचं नशीब, असं साऱ्या गावाचं मत होतं. खरं सांगायचं तर दुर्गाबाईचंही तेच होतं. पण मंग तिनं लेक तिकडं दिली, आणि मत जरा डळमळलं.

त्रेपन्न सालच्या वैशाखात तळं असं आटलं की घाटावरचा दगडी नंदी, जो एरवी शिंगं तेवढी दाखवायचा, तो गळ्यातल्या घंटेपर्यंत उघडा पडला. नंदीच्या दुमडलेल्या खुराला पाणी टेकलं की मोरी बंद करायची, हा जुना कायदा. त्याच्या खालचं पाणी माणसांच्या पिण्याचं आणि जनावरांचं. त्याला हात लावायचा न्हाई. म्हणजे उरलं काय? घंटेपासून खुरापर्यंतचं पाणी. बस.

"पाण्याची एक पाळी होईल," जालन्याहून आलेला सरकारी ओव्हरसियर नरहर जोशी तळ्याच्या भिंतीवर उभा राहून म्हणाला. "पण माघात केलंत तसं करू नका म्हणजे झालं."

माघात काय केलं होतं? तर साऱ्या गावानं मिळून एक शहाणपणा केला होता. पाणी थोडं, तर मोरीही थोडी उघडा! चार बोटं उघडली. बारीक धार पाटातून रांगत निघाली, आणि भेगाळलेल्या पाटानं ती चिंचेच्या झाडाजवळच पिऊन टाकली. दिवसामागून दिवस धार चालू, आणि पाणी चिंचेपुढं एक पाऊल जायला तयार न्हाई. तळं उतरलं ते उतरलं, आणि बोरवाडीला ओला चिखलसुद्धा दिसला न्हाई.

"मोरी पुरी उघडली तर एका दिवसात बोरवाडीची विहीर भरते," नरहर म्हणाला. "पाणी जोरात गेलं पाहिजे, जमिनीला प्यायला सवड मिळता कामा नये. पण वाटेतलं एकही दार फुटता कामा नये. एकानं फावडं मारलं की दुसरा मारतो. मी पोलीस मागितले होते, मिळाले न्हाईत. त्यापेक्षा चावी देवघरातच राहू द्या, दुर्गाबाई."

रामराव शेजारीच उभा होता. तो मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "बराबर. आन् उघडायचीच तर रिवाजानं उघडा. तोंडाचं पाणी तोंडाला. तुमची मोसंबी जळून राह्यली वैनी, माझा ऊस जळून राह्यला. शेपटाची काळजी शेपूट करंल."

दुर्गाबाई एरवी दिराला दोन शब्द सुनावल्याशिवाय सोडायची न्हाई, पण त्या दिवशी तिचं लक्षच नव्हतं. तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. बोरवाडीची विहीर तळाला गेल्ती, आणि गाव गाड्या जुंपून गोदावरीकाठी निघणार होतं. त्या गाड्यांत तिची उषा होती. आठवा महिना लागलेला.

लेकीला घरी आणायचं म्हणून तिनं गाडी जुंपायला सांगितली. गडी पुंजाराम बैल हाकत होता आणि ती वाटभर बोलत होती, बोरवाडीला पोचेपर्यंत थांबली न्हाई. पोचली तर घराघरांपुढं गाड्या उभ्या. कणग्या रिकाम्या, तवे-परातींची गाठोडी बांधलेली. उषा ओट्यावर बसून जात्याला दोर गुंडाळत होती.

"चल," दुर्गाबाई म्हणाली. "या हालतीत गाडीत हादरे खात जायचं न्हाई. माहेरी चल."

"न्हाई येत, आई."

"का गं?"

"सगळी बोरवाडी घोटभर पाण्यासाठी गाव सोडून राह्यली, आन् मी तुमच्या तळ्याचं पाणी प्यायला माहेरी येऊ? घशाखाली उतरंल का मला?" एवढं बोलून पोरगी परत दोर गुंडाळायला लागली. डोळ्यांत पाणी, पण हात थांबले न्हाईत. दुर्गाबाईचा जीव तुटला. रागही आला. पोरगी आपल्यावरच गेलीय हे तिला नको त्या वेळी आठवलं.

तेवढ्यात आतून धुरपदाबाई आली. उषाची सासू. लग्नापासून या दोघी विहिणींचं बोलणं बंद होतं. झालं असं होतं, की लग्नाच्या पंगतीत मुलाच्या आईला, म्हणजे जिला पहिल्या पाटावर बसवायचं तिलाच, गर्दीगडबडीत कुणीतरी पार टोकाला बसवलं. तूप वरून वाढत आलं आणि धुरपदाबाईच्या पानापर्यंत येईस्तोवर तांब्या रिकामा! धुरपदाबाई कोरडा भात खाऊन उठली, आणि त्यानंतर तिनं दुर्गाबाईचा उंबरा ओलांडला न्हाई. दुर्गाबाईनंही माफी मागितली न्हाई. मुद्दाम केलं न्हाई त्याची माफी कशाची, असं तिचं म्हणणं.

धुरपदाबाई आज बोलली. तेही लेकाच्या सासूकडं न बघता, दाराच्या चौकटीला उद्देशून. "यांच्याकडं वाढायला सुरुवात वरूनच होती. पंगत असो का पाट. खाली येईस्तोवर भांडं रिकामं."

दुर्गाबाईचं तोंड उत्तर द्यायला उघडलं आणि तसंच राहिलं. उषा घाबरली, आई चक्कर येऊन पडते की काय. पण दुर्गाबाईच्या डोक्यात लख्ख उजाडलं होतं. खालून वाढायचं! आणि दारांवर पोलीस कशाला पाहिजेत? खापरवाडीतल्या ज्यांच्या ज्यांच्या शेताला पाटाचं दार होतं, त्यांतल्या बहुतेकांनी लेकी कुठं दिल्या होत्या? इथंच. बोरवाडीत!

"विहीणबाई," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला न्हाई. "माझं चुकलं त्या दिवशी. मुद्दाम न्हाई केलं, पण चुकलं. आता कुंकवाचा करंडा आणा. मला साऱ्या बोरवाडीतल्या विहिणींना आवतण द्यायचंय."

"कशाचं आवतण?" धुरपदाबाईनं पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं.

"बसायचं," दुर्गाबाई म्हणाली. "नुसतं बसायचं."

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला पाटावर जे दिसलं, ते खापरवाडीनं आजवर पाहिलं नव्हतं. नवी लुगडी नेसलेल्या, नाकात नथी घातलेल्या बोरवाडीच्या विहिणी, पाटाच्या एकेका दारावर, चिखलानं लिंपून बुजवलेल्या तोंडावर घोंगडी अंथरून बसल्या होत्या. ज्याची लेक जिच्या घरी दिलेली, त्याच्या दारावर ती. ज्यांची लेक तिकडं नव्हती, त्यांच्या दारावर भाचीची न्हाई तर पुतणीची सासू. आता सांगा, कोण माईचा लाल मुलाच्या आईला हाताला धरून उठवील? लेकीला नांदायचं असतं ना तिथं!

दुर्गाबाईनं नंदीपुढं नारळ फोडला आणि चावी नरहरच्या हाती दिली. आजवर ती चावी घराबाहेरच्या माणसाला कधी दिली नव्हती. "तुम्ही नंदीपाशी बसा, साहेब. खुराला पाणी टेकलं की बंद करा. माझं तोंड बघू नका, कुणाचंच बघू नका."

"टेकलं की बंद करणार," नरहर म्हणाला. "बोरवाडीला पोचलेलं असो वा नसो."

"बिलकुल," ती म्हणाली.

मोरी पुरी उघडली. पाणी असं उसळून बाहेर आलं की पुंजाराम दोन पावलं मागं सरला. दुर्गाबाई पाण्याच्या तोंडाबरोबर पाटाच्या काठानं चालायला लागली. पहिलंच दार तिच्या मोसंबीचं. त्यावर धुरपदाबाई बसलेली, ताठ, पदर डोक्यावर, समोर बघत. मागं बागेत झाडांची पानं होडीसारखी मुडपलेली. या झाडांना तिनं नवरा गेल्यावर पोरांसारखं वाढवलं होतं. पाणी त्यांच्या बुंध्यांपासून चार पावलांवरून खळखळत पुढं निघालं. दुर्गाबाईनं बागेकडं पाहिलं आणि लगेच मान वळवली. पाहत राहिली असती तर फावडं तिनंच उचललं असतं.

दुसऱ्या दाराला रामराव फावडं खांद्यावर टाकून हजर! समोर त्याची विहीण कौसाबाई, मांडी घालून, सुपारी कातरत.

"राम राम व्याही," कौसाबाई म्हणाली. "फावडं घेऊन कुठं?"

रामरावचं फावडं खांद्यावरून खाली आलं. "कुठं न्हाई... असंच... आळं करावं म्हणलं."

"करा की. मी हाय बसलेली. तुमची लेक मजेत हाय बरं का. निघताना म्हणली, आमचे दादा लई मानपान करत्यात, उपाशी न्हाई ठेवायचे तुम्हाला."

रामराव पाटातून धावणाऱ्या पाण्याकडं बघे, विहिणीकडं बघे. शेवटी त्यानं फावडं टाकलं आणि घराकडं तोंड करून ओरडला, "अगं, चहा टाका! आन् पिठलं-भाकरीचं बघा! जल्दी!" दुर्गाबाई पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत पुढं पळाली.

मंग काय, साऱ्या पाटावर तोच तमाशा. जो येई तो फावडं घेऊन, आणि परत जाई तो ताट आणायला. फावड्यांचं काम कुणी काढलंच न्हाई. पाणी आपलं वाळकी पानं, काटक्या, धूळ पुढं ढकलत, सरड्यांना पळवत निघालं होतं. चिंचेपाशी आलं. माघात इथंच मेलं होतं. दुर्गाबाई काठावरून वाकून बघायला लागली. पाणी भेगांत घुसलं, बुडबुडलं, जरा दमल्यासारखं झालं, आणि मागून आलेल्या लोंढ्यानं त्याला पुढं लोटलं. चिंच मागं पडली! "अगं बाई गं!" म्हणून ती एकटीच टाळ्या वाजवायला लागली.

उन्हं कलली. बोरवाडीची गावकूस दिसायला लागली, आणि तेवढ्यात मागून आवाज आला. एका विहिणीनं दुसरीला, दुसरीनं तिसरीला ओरडून सांगत पाटाच्या तोंडापासून निरोप आला होता. "खुराला टेकलं! मोरी बंद केली!"

पाण्याचं तोंड अजून विहिरीपासून दोन-तीन शेतं लांब होतं आणि मंद झालं होतं. पुढं कोरडा पाट. गाव सगळं विहिरीभोवती उभं, गाड्या जुंपलेल्या, उषा पोटावर हात धरून धोंड्यावर बसलेली. दुर्गाबाई पाटात उतरली आणि पाण्याला म्हणाली, "ये रे बाबा. एवढी तोंडची भाकरी सोडून तुला आणलंय, आता थांबू नको. ये!"

मोरी बंद झाली होती, पण दोन कोसांचा पाट काठोकाठ भरलेला होता. एकही दार फुटलं नव्हतं, त्यामुळं त्या पाण्याला जायला एकच जागा उरली होती, खाली. सुस्तावलेलं तोंड हळूहळू फुगलं. पावलांना गारवा लागला. मंग घोटे बुडाले. मंग पाणी तिच्या पोटऱ्यांना धडकून पुढं निघालं आणि बोरवाडीच्या विहिरीत धबाधबा कोसळलं. असा काही आवाज झाला, असा काही ओरडा उठला, की जुंपलेले बैल बुजले, आणि कुणीतरी रडत-हसत त्यांच्या गळ्यातले जोताचे पट्टे सोडले. बैल गाड्या तिथंच टाकून पाटात शिरले आणि पाण्यात तोंडं घालून प्यायला लागले. उषानं ओंजळ भरून पाणी प्यायलं, आणि दुसरी ओंजळ आईच्या तोंडाला लावली. "आता येते माहेरी," ती म्हणाली. "बाळंतपणाला."

दुर्गाबाई तिथंच खाली बसली आणि मोठमोठ्यानं रडली. तिला कुणी गप्प केलं न्हाई, कारण सगळेच रडत होते.

पुंजाराम मागून गाडी घेऊन आला होता; परतताना गाडीत तिचं तोंड पुन्हा सुरू झालं. रामरावनं पिठलं कसं दिलं, अमक्यानं लाडू दिले, तमक्यानं शेवया केल्या, ती पुंजारामला एकेक सांगत होती. सांगता सांगता एकदम थांबली. कपाळावर हात मारला.

"पुंजाराम! आपल्या दारावरच्या विहीणबाईला कुणी जेवायला घातलं?"

पुंजारामनं नुसतीच मान हलवली. घरात दुसरं होतंच कोण? साऱ्या गावाला विहिणींचा मानपान करायला लावला, आणि स्वतःची विहीण सकाळपासून उपाशी! तीच विहीण! पुन्हा!

"हाक बैल," दुर्गाबाई म्हणाली. "हाक, मेल्या!"

घरी येऊन तिनं चूल पेटवली. ज्वारीची भाकरी थापली, सकाळचं वरण गरम केलं, भात टाकला. शिंक्यावरून तुपाची बरणी काढली. म्हशी आटल्यापासून जपलेलं तेवढंच तूप घरात होतं, उषाच्या बाळंतपणासाठी ठेवलेलं. ताट आणि बरणी घेऊन ती धापा टाकत पाटावर गेली. धुरपदाबाई जशी सकाळी होती तशीच बसलेली. पाट आता ओसरला होता, पण ती दारावरून हललेली नव्हती.

"पोचलं?" तिनं विचारलं.

"पोचलं. विहिरीत पडलं. उषानं पहिली ओंजळ पिली."

धुरपदाबाईनं डोळे मिटले. हात जोडले. मंग डोळे उघडून ती म्हणाली, "दिवसभर बसून बघत होते. पाटाचं तोंड म्हणजे सगळ्यात वरची जागा. लग्नात न्हाई, पण आज मला पहिल्या जागी बसवलंस."

"आन् उपाशी ठेवलं," दुर्गाबाई म्हणाली.

"त्ये तर हायेच. वाढ आता."

दुर्गाबाईनं ताट पुढं ठेवलं, भातावर वरण घातलं, आणि बरणी तिरकी केली. तूप भातावर पडलं, वरणावर पसरलं, ताटाच्या काठाकडं निघालं. पुरे म्हणायचं ते धुरपदाबाईनं. ती नुसती तुपाकडं बघत बसली होती, गालांतल्या गालांत हसत, आणि पुरे म्हणत नव्हती. दुर्गाबाईही थांबली न्हाई.