स्टिअरिंगचा पिवळा दिवा

डेमिंगहून निघून साठ मैलही झाले नव्हते, तोवर तिसऱ्यांदा मी मोटरहोम थांबवलं आणि मागे बांधून ओढत आणलेल्या आमच्या छोट्या गाडीत डोकावले. पुन्हा तोच पिवळा दिवा: बॅटरी कमजोर, स्टिअरिंगमध्ये बिघाड. ओढताना स्टिअरिंग मोकळं राहावं म्हणून या गाडीची किल्ली चालू ठेवावी लागते. त्यामुळे तिची बॅटरी उतरू नये, म्हणून आदल्याच दिवशी डेमिंगच्या गॅरेजात मोटरहोमपासून तिच्यापर्यंत चार्जिंगची वायर टाकून घेतली होती.

आम्ही तिथेच परतलो. गॅरेजवाला वेंडेल माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याला, मर्लला म्हणाला, "साहेब, बाईंनी गाडीचे दिवे चालू ठेवले असतील."

"दिवे बंद होते," मी म्हणाले. "वायरीत करंट येतोय का ते बघा."

"आजी, वीस वर्षं हेच करतोय मी."

माझं डोकंच फिरलं. बत्तीस वर्षं शाळेची बस चालवली, ती मी काय दिवे विसरणार? मी माझा टेस्टर काढला. वायर मेलेली होती. तिच्या मागोमाग मोटरहोमच्या बॅटरीपर्यंत गेले आणि फ्यूजची डबी उघडली. आत फ्यूजच नव्हता!

"या, बघा तुमची वीस वर्षं!"

वेंडेलने फ्यूज बसवला. टेस्टर पेटला.

"झालं साहेब, माफ करा," तो मर्लला म्हणाला.

"मला काय सांगतोस?" मर्ल भडकला. "तिची माग माफी!"

त्याने मागितली, जमिनीकडे बघत.

"वर बघून," मी म्हणाले.

मग त्याने वर बघितलं.