प्रत्येक पानाच्या तळाशी

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, स्क्रीनला नाक टेकेल इतके ते पुढे वाकले आणि बोट ठेवलं ते नेमकं त्या ओळीवर.

"हे काय आहे?"

व्हायोलिन दुरुस्तीच्या त्यांच्या दुकानाची वेबसाइट लेकीने सकाळीच सुरू करून दिली होती. पानाच्या तळाशी, पत्ता आणि फोन नंबरच्या खाली लिहिलं होतं: हे काम आमच्या काकूंच्या हातचं आहे.

"मघाशी एका गिऱ्हाइकाचा फोन आला. म्हणे, काकू आहेत का? मी राँग नंबर सांगून ठेवून दिला."

काका गेल्यावर काकू मागच्या खोलीत त्यांच्या बाकावर बसू लागली, ती आजतागायत. लाकूड चिकटवायचा सरस किती गरम झाला हे ती वासावरून सांगायची. तडा गेलेलं वाद्य तिच्या हातून बाहेर आलं, की तडा कुठे होता ते शोधायला लेक दिव्याखाली धरून बघायची आणि दर वेळी हरायची. असे हात आपल्याला मिळाले असते तर, असं तिला लहानपणापासून वाटत आलं होतं. पण गिऱ्हाईक यायचं पुढच्या दालनात, वाद्य घ्यायचं बाबांच्या हातून आणि वाहवा करायचं तीही बाबांचीच. निदान एका पानावर तरी काकू असावी म्हणून लेकीने ती ओळ गुपचूप घातली होती. कोणाला विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते, काकूसुद्धा.

घोळ झाला तो फूटरमुळे. पानाच्या तळाची ती पट्टी तिने एकदाच बनवून सगळ्या पानांना जोडली होती. एका ठिकाणी बदल केला की सगळीकडे आपोआप बदल, या सोयीचं तिने बाबांपुढे तोंड भरून कौतुकही केलं होतं. आणि तडे जोडण्याच्या कामाच्या पानावर ओळ लिहिताना आधी त्या पानाची पट्टी सुटी करायची, हेच ती विसरली.

"सगळीकडे काकू! मग मी काय इथे उभा जन्म माशा मारल्या?"

"चुकून झालं, बाबा. एकाच पानावर हवं होतं. आत्ता काढते."

"थांब. बघू दे आधी कुठे कुठे लावलंयस."

त्यांनी माऊस हातात घेतला. व्हायोलिन वाजवायच्या गजाचं पान उघडलं. गजाला नवे केस बसवल्याचा फोटो होता. तेही काकूनेच बसवले होते. बाबा पुढे, खुंट्यांच्या पानावर गेले.

"आता खुंट्या तर..." ते म्हणाले आणि त्यांची नजर खिडकीत टांगलेल्या व्हायोलिनवर गेली. त्याच्या चारही खुंट्या काकूने घडवल्या होत्या. बाबांनी घसा खाकरला आणि पान बदललं.

संपर्काच्या पानावर मात्र त्यांना जोर चढला.

"फोन तरी मीच उचलतो ना?"

"उचलता, आणि राँग नंबर म्हणून ठेवता," मागच्या खोलीतून काकू म्हणाली. "सगळं ऐकू येतं हो दादा इथे."

लेकीने हसू दाबलं. बाबांनी शेवटचं पान उघडलं: घोडी आणि सूर. तारांखालची लाकडी घोडी बसवून वाद्याला सूर लावणं हे काम बाबांचं, आणि त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"हे माझं आहे," ते हळूच म्हणाले.

"तुमचंच आहे." तिने पटकन त्या पानाची पट्टी सुटी केली आणि ओळ पुसली. "झालं. आता इथे काय हवं ते लिहा. बाकीच्या पानांना धक्का लागणार नाही."

बाबा खुर्चीत नीट बसले. एकेक अक्षर शोधत दोन बोटांनी बराच वेळ टाइप करत राहिले. लेकीने वाकून वाचलं: सूर मी लावतो. तो टिकतो काकूंमुळे.

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं.

"हे आता सगळीकडे दिसेल?"

"नाही बाबा. हे पान सुटं केलंय ना, इथेच राहील."

"मग कशाला केलंस सुटं? जोड परत. आणि हे त्या मूळ पट्टीत घाल."

मागच्या खोलीत चालू असलेली कानस थांबली. लेकीने जुन्या ओळीच्या जागी ही ओळ मूळ फूटरमध्ये चिकटवली, पान जोडलं आणि बटण दाबलं. एकेक पान उघडून पाहिलं. सगळीकडे आली होती.

तेवढ्यात फोन वाजला. बाबांनी उचलला, ऐकून घेतलं आणि मागच्या दाराकडे बघितलं.

"आहेत ना," ते म्हणाले. "थांबा हं, देतो त्यांना."