होडीच्या पोटात

मुलीने पाणी भरलेली प्लास्टिकची पिशवी होडीच्या तळावर आतून दाबून धरली. पिशवीत साबणाच्या वडीएवढा सेन्सर होता आणि त्याची वायर वडिलांच्या मांडीवरच्या छोट्या पडद्याला जोडलेली होती.

"काय दिसतंय?"

"माझं कपाळ," वडील म्हणाले.

पडदा कोरा होता. मासे शोधायचं हे यंत्र तिनेच हट्टाने आणलं होतं. होडीला भोक पाडायचं नाही, एवढीच वडिलांची अट. तशी गरजही नव्हती. होडीचं फायबर भरीव असलं की सेन्सरने सोडलेला आवाज त्यातून आरपार जातो, सेन्सर आतूनच चिकटवता येतो. फक्त मध्ये हवा नको. ती बोटींच्या कारखान्यात वायरिंग करायची. असे पन्नासेक सेन्सर तिने बसवले होते.

तिने पिशवी वीतभर सरकवली. तरी काही नाही.

"इथे आत पोकळी आहे, बाबा. होडी कारखान्यातूनच अशी आली होती का?"

वडिलांनी चष्मा काढून पुसला. मग परत पुसला.

"असेल."

"कारखान्याला कशाला नावं ठेवतेस?" चहाची किटली घेऊन आई धक्क्यावर येऊन उभी होती. "तिथे ठिगळ आहे. उजवीकडे लाव."

वडील तिच्याकडे बघतच राहिले. "तुला कुणी सांगितलं?"

"चार दिवस तुमच्या केसांना फायबर सांधायच्या राळेचा वास येत होता. मी बाळंतीण होते, आंधळी नव्हते."

मुलीचा हात पिशवीवरून सुटला. तिचा जन्म झाला त्या दिवशी वडील थेट संध्याकाळी उगवले, कारण जाळ्यात मासे भरले होते. ही गोष्ट घरात बत्तीस वर्षं हसत हसत सांगितली जायची. तीही हसायची, मात्र कुणी ती काढली की पानावरून पहिली तीच उठायची.

"म्हणजे मासे नव्हते?"

"कसले मासे! शेजारच्या होडीवाल्याने निरोप दिला, तशी जाळं ओढत न बसता कापून पाण्यातच सोडलं आणि सुसाट निघालो. खडक रोजचाच. त्या दिवशी दिसलाच नाही."

"मग सांगितलं का नाही?"

"रोजच्या खडकावर होडी आपटली म्हणून? लोकांनी जगू दिलं नसतं."

तिने पिशवी उजवीकडे नेली, तसा पडद्यावर समुद्राचा तळ उमटला. साडेचार मीटर. तिने तेवढी जागा घासून पुसून घेतली. बुडबुडा राहू नये म्हणून डिंक अगदी सावकाश कालवला, ओतला आणि सेन्सर जरासा फिरवत त्यात बसवला.

"सोड आता. चिकटला तो," वडील म्हणाले.

"हो." तिने हात काढला नाही. "बाबा, ते जाळं जुनं होतं?"

"छे! नवंकोरं. त्याच सकाळी पहिल्यांदा पाण्यात टाकलं होतं."

आई चहा ओतत होती. कप भरून बशीत सांडू लागला, तरी किटली तशीच कललेली राहिली.